साखर उतरलेल्या माणसाचं बोलणं

सातपूर, नाशिक
१२ नोव्हेंबर २००३

प्रिय सलिमा,

"सुईचं काय घेऊन बसलीस? सुई दिल्यावर माणूस जेवला का, ते बघ." तू मला असं म्हणाली होतीस त्याला बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी तुझ्या ओट्यापाशी हातात मोसंबी धरून उभी होते. तू उकळलेली काचेची सिरिंज साध्या पाण्याने भरून दिलीस आणि मोसंबीला टोच म्हणालीस. मी डोळे मिटून टोचलं. तर तू म्हणालीस, "मोसंबी रडली का? मग यादवभाऊ कशाला रडतील?" आजही सकाळ-संध्याकाळ सुई भरताना तुझं ते जेवणाचं वाक्य माझ्या कानात असतं. म्हणून पत्राची सुरुवात त्यानेच केली. इतक्या वर्षांनी दुसरी कुठून करायची ते मला सुचत नव्हतं.

तुला सलाम. अम्मींना माझा सलाम सांग. फरहान, मेहविशला आशीर्वाद, दोघंही आता माझ्या खांद्याच्या वर गेली असतील. आम्ही इकडे बरे आहोत. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. बरे आहोतही.

रोजे चालू असतील. अम्मी अजून हट्ट करतात का? डॉक्टरांनी नको सांगितलेलं असताना त्या सेहरीला सगळ्यांच्या आधी उठून बसायच्या आणि तू त्यांच्यापुढे दुपारचं ताट ठेवून म्हणायचीस, "अल्लामियाँ को मैं समझा दूँगी, आप खाना खाओ." त्या चिडून जेवायच्या. चिडल्या तरी जेवायच्या, हे महत्त्वाचं.

तुमचा पत्ता गेणूने दिला. आठवतो ना गेणू? कंपनीत यादवच्या बाजूच्या पॉवर प्रेसवर असायचा आणि अख्ख्या शॉपच्या बातम्या त्याला सगळ्यांच्या आधी कळायच्या. तो मेव्हण्याबरोबर कांद्याच्या गाडीवर सटाण्याला गेला होता. बाजार समितीसमोर महेबूबभाईंचं वेल्डिंगचं दुकान पाहिलं, दारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उभ्या होत्या म्हणाला. महेबूबभाईंनी त्याला चहा पाजला, सगळ्यांची विचारपूस केली. मी विचारलं, यादवचं काही विचारलं का? गेणू म्हणाला, "नाही, वहिनी." गेणूला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा गुण की दोष ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

(बघ, मी कागदावर सरळ यादव लिहितेय. ही तूच लावलेली सवय. "नाव घेतल्याने नवरा झिजतो का गं?" म्हणायचीस. घरात मात्र अजून 'अहो'च आहे.)

कंपनीला टाळं लागलं. यादवनी व्हीआरएस घेतली. आता ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये दुपारपर्यंत जाऊन बसतात. मी बालवाडीतच आहे. आमची रोशनी पुण्याला नोकरीला लागली, तिने बोटाला टोचून साखर बघायचं यंत्र आणून दिलं. आपण चुलीवर लघवीची परीक्षानळी धरून निळ्याचं हिरवं होतंय की विटकरी, ते बघत बसायचो, ते सगळं गेलं. आणि आमच्याकडे फ्रिज आला. लहानसाच आहे. पहिल्या दिवशी त्याच्या दारात इन्सुलिनची बाटली ठेवली आणि मी उगाच बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिले. सात वर्षं यादवची बाटली तुझ्या फ्रिजमध्ये राहिली. दुधाच्या पातेल्यामागे, अम्मींच्या बाटलीशेजारी. मी न विचारता आत यायचे, फ्रिज उघडायचे, बाटली घेऊन जायचे. तू कधी कधी झोपलेलीही असायचीस.

हे मी फ्रिजसाठी लिहीत नाहीये. पण आधी एवढं लिहून झालं की पुढचं लिहिता येईल असं वाटतंय.

यादवना आता घाम येत नाही. पूर्वी साखर उतरली की कपाळ ओलं व्हायचं, हात थरथरायचे, मला कळायचं. आता डॉक्टर म्हणतात की इतक्या वर्षांनी शरीराची घंटा वाजेनाशी होते. साखर खाली जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. मग मला बाकीच्या खुणा बघाव्या लागतात. ते शर्टाचे खिसे चाचपायला लागतात. विचारलं काय शोधताय, तर "पंचिंग कार्ड." कंपनी बंद होऊन दोन वर्षं झाली, सलिमा. ते कार्ड शोधतात आणि मी साखरेचा डबा शोधते.

महेबूबभाईंना खिशापर्यंत थांबावं लागायचं नाही. चार मशीन पलीकडून त्यांना कळायचं. मी एकदा विचारलं होतं, कसं ओळखता? तर म्हणाले, "भाभी, डोळे बघायचे. बघतात आपल्याकडेच, पण आपल्यापर्यंत येत नाहीत." मग खिशातली खजुराची पुडी काढायचे, यादवच्या हातावर दोन ठेवायचे आणि काही झालंच नाही असे परत आपल्या मशीनवर. यादव ते खजूर खायचे. वर्षानुवर्षं खायचे. एवढं तू लक्षात ठेव. म्हणजे मी तुला लक्षात ठेवायला सांगणारी कोण, पण ठेव.

आता पाडव्याचं लिहिते.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे ओवाळल्याशिवाय फराळाला हात लावत नाहीत. सासूबाईंपासून तसंच चालत आलंय. सकाळी अंघोळ झाल्यावर मी रोजच्यासारखी यादवना सुई दिली. अर्ध्या तासात खायला द्यायचं, हे मला झोपेतही माहीत आहे. पण निरांजनाचं तूप थिजलेलं, रोशनीची रांगोळी अर्धी राहिलेली, तेवढ्यात धाकटे दीर-जाऊ आले. मला वाटलं दिरांबरोबर त्यांनी चकली तोंडात टाकली असेल. दिरांना वाटलं, ओवाळेपर्यंत वहिनीनेच थांबवलंय. असं सगळ्यांना काही ना काही वाटत राहिलं. मी ताट घेऊन आले तेव्हा ते पाटावर बसून खिसे चाचपत होते. नव्या झब्ब्याला खिसाच नव्हता.

मी ताट खाली ठेवलं आणि साखरेचं पाणी आणलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझ्या हातचं नको." पेला असा भिरकावला की रांगोळीवर पाणी गेलं.

सलिमा, मला आनंद झाला.

लिहायला लाज वाटते. नवरा समोर असा बसलाय, जाऊ घाबरून रडतेय, रोशनी त्यांचं बोट धरून यंत्राला लावतेय, बेचाळीस आकडा आलाय, आम्ही दोघी त्यांच्या गालाच्या आत बोटाने मध चोळतोय, आणि माझ्या मनात एकच की हेच शब्द. अगदी हेच. माझ्यासाठीही. म्हणजे ते आजाराचेच होते.

तुला कळलंच असेल मी कशाबद्दल लिहितेय. त्या संध्याकाळबद्दल लिहायचं नाही असं ठरवून मी पत्राला बसले होते.

(पत्र काल इथेच सोडलं होतं. आज बालवाडी लवकर सुटली. घरात कुणी नाही, म्हणून पुढे लिहिते.)

जानेवारीचा महिना होता, रोजेच चालू होते. यादवचा रिलिव्हर रजेवर, म्हणून त्यांना डबल शिफ्ट करायची होती. संध्याकाळच्या डोसचं काय, असं मी तुला विचारायला आले. तूच म्हणालीस, हे सेकंड शिफ्टला निघालेत, घेऊन जातील. गार पाण्याच्या डब्यात बाटली बसवून तू महेबूबभाईंच्या हातात दिलीस. मी सिरिंज दिली. दिवस मावळल्यावर त्यांनी रोजा सोडला आणि यादवनी कॅन्टीनच्या कोपऱ्यात सुई घेतली. जेवण यायला हवं होतं, ते आलं नाही. कॅन्टीनचा गॅस संपला होता, भात अर्धा कच्चा. यादव म्हणाले, तोवर एक जॉब काढतो, आणि जाऊन प्रेसवर उभे राहिले. यात कुणाची चूक होती? मी बसून बसून शोधली आहे. मला सापडत नाही.

पुढचं मी गेणूकडून ऐकलंय. महेबूबभाईंनी लांबून पाहिलं, धावत आले, खजूर पुढे केला. यादव म्हणाले, "तुझ्या हातचं नको." आणि हात झटकला. पुडी खाली ऑइलमध्ये पडली. माणसं जमली. महेबूबभाईंनी आणि गेणूने त्यांना धरून, जबडा दाबून साखरेचं पाणी पाजलं. मग कंपनीच्या दवाखान्यात नेऊन रक्त काढलं, तर ते नॉर्मल आलं. साखर पाजल्यावर काढलेल्या रक्ताचा काय भरवसा? पण दुसऱ्या दिवशी शॉपभर तेच फिरलं, की शुगर तर ठीक होती, म्हणजे शुद्धीत बोलला. काहींना ते आवडलंही, गेणू म्हणाला. यादवच्या पाठीवर थाप मारणारेही निघाले.

यादव म्हणाले, मला काही आठवत नाही. मी तेच सगळीकडे सांगितलं. तुलाही सांगितलं. तू म्हणालीस, "हां, बीमारी है." आणि दुसऱ्या सकाळपासून बाटली दारात आणून द्यायला लागलीस. मला फ्रिजपर्यंत यावं लागू नये म्हणून. तुम्ही सटाण्याला जाईपर्यंत, मे महिन्यापर्यंत, तू ती रोज दोनदा दारात आणून दिलीस. एकदाही चुकली नाहीस, एकदाही आत ये म्हणाली नाहीस. जाताना मला मातीचं मडकं दिलंस, ओल्या वाळूत बाटली कशी ठेवायची ते दाखवलंस. टेम्पो निघाला तेव्हा यादव आत पंख्याखाली पडून होते. जागे होते.

पाडव्याला मला वाटलं होतं की आता सगळं सुटलं. आजच सलिमाला पत्र लिहायचं. मग दुपारी जेवणं झाल्यावर भांडी आवरताना माझ्या लक्षात आलं की शब्द अगदी तेच नव्हते. मला ते फक्त 'तुझ्या हातचं' म्हणाले होते. महेबूबभाईंना त्यापुढे आणखी एक वाक्य होतं. गेणूने सांगितलेलं मी पहिलंच तेवढं ऐकलं आणि पुढचं इतकी वर्षं नाही ऐकलं असं धरून चालले. "तुम्हा लोकांच्या हातचं नको." तेही बोलले होते. मला ते तसं कसं म्हणतील? मी कोणत्या लोकांतली?

मी यादवजवळ जाऊन बसले. विचारलं, सकाळी काय बोललात ते आठवतं का? नाही म्हणाले. खरंच आठवत नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. मी म्हटलं, "मग महेबूबभाईंना बोललात तेही आठवत नसेल."

ते सुपारी कातरत होते. हात थांबला.

"ते आठवतंय."

एवढंच बोलले. मी उठून ओट्याशी गेले आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. संध्याकाळी ते पायरीवर बसले होते, तेव्हा आपणहूनच म्हणाले, "मी काय बोलतोय ते मला ऐकू येत होतं. थांबता येत नव्हतं. प्रेसचा ठोका एकदा सुटला की मधे थांबत नाही ना, तसं."

मी म्हटलं, "मग आठवत नाही का म्हणालात इतकी वर्षं?"

"आठवतं म्हटलं असतं तर लोकांनी पुढचं विचारलं असतं."

"पुढचं काय?"

"आत होतं का म्हणून."

मी विचारलं, "होतं का?"

"मला नाही माहीत, ललिता."

त्यांनी मला नावाने हाक मारली की मला भीती वाटते. आजारपणाच्या बातम्या ते असेच सांगतात.

गेल्या आठवड्यात त्यांना तपासायला नेलं होतं. डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस दोन युनिट कमी केला, शर्टाच्या खिशात नाव, पत्ता आणि 'मधुमेह आहे, इन्सुलिन चालू' असं लिहिलेली चिठ्ठी ठेवायला सांगितली, एकट्याने लांबचा प्रवास नको म्हणाले. यादव बाहेर गेल्यावर मी मागे थांबले. विचारलं, साखर उतरल्यावर माणूस वाईट बोलतो का? म्हणाले, बोलतो, मेंदूला खायला मिळत नाही, शिव्याही देतो, मनावर घ्यायचं नाही. मी विचारलं, "पण डॉक्टर, जे मनात नाहीच ते तोंडात येतं का?" ते हसले, वाईट हसले नाहीत. म्हणाले, "बाई, मी साखरेचा डॉक्टर आहे."

तेव्हापासून माझं डोकं भिंगरीसारखं फिरतंय. एक वाटतं आणि लगेच त्याच्या उलट वाटतं. सात वर्षं ज्याच्या फ्रिजमधलं औषध अंगात गेलं, ज्याच्या खिशातला खजूर खाल्ला, त्याच्याबद्दल असं मनात कसं असेल? नसणारच. मग मला त्या संध्याकाळच्या आदल्या वर्षीचं आठवतं. यादव तेव्हा चौकातल्या त्या नव्या मंडळींत जाऊन बसायला लागले होते. घरी येऊन त्यांच्यातलं काहीबाही बोलायचे आणि मी भाजी चिरत ऐकायचे. एकदा मी म्हटलं होतं, असं काय बोलता, महेबूबभाई शेजारी राहतात. तर म्हणाले, "महेबूब वेगळा, बाकीचे वेगळे." पोटभर जेवून, साखर व्यवस्थित असताना म्हणाले. आणि मला बरं वाटलं होतं, सलिमा. मला वाटलं, चला, महेबूब तरी वेगळा आहे.

आता वाटतं की त्या संध्याकाळी साखर उतरली, तेव्हा तेवढं एक वेगळेपण यादवच्या डोक्यातून उतरलं असेल, आणि महेबूबभाई त्या 'बाकीच्यां'त जाऊन उभे राहिले असतील. मग ते वाक्य कुणाचं? साखरेचं, यादवचं, चौकातल्या लोकांचं? की मी भाजी चिरत गप्प ऐकलं, त्यात थोडं माझंही? रात्री अंथरुणावर पडले की वाटतं आजाराचंच. सकाळी सुई भरताना वाटतं, नाही. असं दहा वेळा होतं.

हे आत्ताच का लिहितेय, तर यादवना ईदला सटाण्याला यायचंय. महेबूबभाईंची माफी मागायची म्हणतात. पहिल्या एसटीने जाईन, एकटा जाईन, तू येऊ नको म्हणतात. डॉक्टरांचं सांगितलं तर म्हणाले, चिठ्ठी आहे ना खिशात. मी विचारलं, तिथे जाऊन म्हणणार काय? म्हणाले, गेल्यावर बघू. मला ते 'बघू' नको वाटतं. त्यांनी शुगरमुळे बोललो म्हणून सांगितलं आणि तसं नसलं, तर महेबूबभाईंचा दुसऱ्यांदा अपमान होईल, तोही त्यांच्याच घरात, सणाच्या दिवशी. आणि माझ्याच मनातलं होतं असं म्हणाले आणि खरं तर ते आजाराचं असलं, तर उरलेला जन्म ते स्वतःला त्या माणसासारखं बघतील, जो ते नव्हते. आजाराची माफी वेगळी मागायची असते आणि मनाची वेगळी. कोणती मागायची ते त्यांनाच ठाऊक नाही. मलाही नाही.

ते एकाच माणसाला ठाऊक असेल.

म्हणून हे पत्र. तू महेबूबभाईंना एकदा विचार. त्या संध्याकाळी त्यांनी यादवकडे अगदी जवळून पाहिलं होतं. साखर उतरलेले यादव त्यांनी शंभरदा पाहिलेत, न उतरलेलेही पाहिलेत. त्यांनी ते वाक्य ऐकलं, तेव्हा त्यांच्यासमोर यापैकी कोण होतं? त्यांनी एवढंच सांगावं. मला बरं वाटावं म्हणून नको, तुला वाईट वाटू नये म्हणूनही नको. जे असेल ते. मी ते यादवना सांगेन आणि मग ते यायचं की नाही ते ठरवतील.

मला माहीत आहे, ज्याला लागलं त्यालाच निवाडा करायला सांगणं हे काही बरोबर नाही. महेबूबभाई म्हणतील, "जाने दो." तू म्हणशील, पाच वर्षांनी आठवण आली ती यासाठी. तू हे पत्र त्यांना दाखवणारही नाहीस कदाचित, फळीवर डब्यामागे सरकवून ठेवशील, आणि मी तुझ्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. तरी ईदच्या आधी त्यांना विचार, आणि ते जे म्हणतील ते मला कळव. तू नाही म्हणशील, हे धरूनच मी पाकीट चिकटवतेय.

तुझी शेजारीण,
ललिता